मागच्या हाताचा अर्धा धडा

गोल्फमध्ये मागचा हात म्हणजे उजव्या हातानं खेळणाऱ्याचा उजवा. माझ्याकडं शिकायला येणारा प्रत्येक जण पहिल्याच दिवशी विचारतो, सर, जोर कुठल्या हातानं लावायचा? मी सांगतो, कुठल्याच नाही, जोर कमरेतून येतो, हात नुसते बरोबर जातात. मग तो माझ्याकडं असा बघतो, की हा माणूस सकाळी सकाळी पिऊन आलाय की काय. कोल्हापूरच्या माणसाला उजवा हात गप्प ठेव म्हणायचं, म्हणजे जेवताना बोलू नको म्हणण्यातला प्रकार. ऐकतो, मान हलवतो, आणि पुढच्या फटक्याला उजव्या खांद्यासकट बॉलच्या अंगावर जातो. बॉल उजवीकडं वळतो आणि कुंपणाबाहेरच्या उसात पडतो.

खरं तर मागच्या हाताचं काम दोन भागांचं, आणि दोन्ही भाग सोपे. काठी मागं नेताना उजवं कोपर मिटतं. मिटतं म्हणजे बरगडीजवळ राहून खाली जमिनीकडं बघतं, कोंबडीच्या पंखासारखं बाहेर पसरत नाही. पंगतीत वाढपी हातावर परात तोलून धरतो तसा तळवा होतो. हा पहिला भाग. मग कंबर वळते, कोपर खाली उतरतं, बरगडीला घासून पोटाच्या पुढं येतं, आणि बॉल उडून गेल्यावर, गेल्यावर बरं का, आधी नाही, हात सरळ होतो. कळंब्याच्या तळ्यावर उभं राहून चपटा दगड पाण्यावरून टप्पे खात पाठवताना शेवटी हात जसा मोकळा सुटतो, तसा. मिटायचं आणि उघडायचं. एवढंच आहे ते.

आता मी दोन्ही भाग पहिल्याच दिवशी शिकवतो, आणि उघडायचा भाग आधी शिकवतो. जुने मेंबर हसतात. म्हणतात, मास्तर शेपटाकडून म्हैस दाखवतोय. हसू देत. माझ्या थोरल्या भावाला मी एकच भाग शिकवला. त्याचा हात त्या एका भागावरच अडकून राहिलाय, आणि तो माझ्यामुळं अडकलाय. हे मी मैदानावर कुणाला सांगत नाही. इथं सांगतो.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. आमच्या पेठेतल्या तालमीचा नामी पैलवान. मी पहिल्यापासून काडी, म्हणून तो मला बारक्या म्हणायचा, आणि थंडाईच्या पेल्यात तळाचे दोन घोट माझ्यासाठी ठेवायचा. बदामाचा सगळा गाळ तळाला असतो हे मला लई उशिरा कळलं. वडील लवकर गेलेले. शाळेत मास्तरांनी पालकांना बोलावलं की दादा जायचा, कानात तालमीची लाल माती तशीच. मास्तर त्याच्याकडं बघून माझी तक्रारच विसरायचे.

पुढं मी गावाबाहेरच्या माळावर गोल्फच्या मैदानात मेंबरांच्या बॅगा उचलायला लागलो. बघून बघून खेळायला शिकलो आणि होता होता तिथला मास्तर झालो. दादाचं उलटं झालं. एका कुस्तीत त्याचा गुडघा फिरला आणि खेळ संपला. मग इचलकरंजीत एका मागाच्या कारखान्याच्या गेटवर तो वॉचमन म्हणून लागला. आत मागांचा खडखडाट आणि बाहेर खुर्चीवर हा, बारा बारा तास. ज्याच्या नावानं मैदानात हलगी वाजायची, त्याला कालची पोरं ‘ओ मामा, गेट उघडा’ म्हणायची. तो तक्रार करायचा नाही. वहिनी मला एवढंच म्हणाली होती, की हल्ली जेवताना मान वर करत नाहीत. कोल्हापूरचा माणूस जेवताना गप्प झाला म्हणजे काय ते समजून घ्यायचं.

सुट्टीच्या दिवशी तो माझ्याबरोबर माळावर यायचा आणि हौसेनं दोन-चार बादल्या बॉल मारायचा. वर्ष-दोन वर्षं हे चाललं होतं. जवळचे फटके तर असे मारायचा, की मेंबर आपला खेळ सोडून बघायचे. एवढा मोठा देह, पण बॉल असा अलगद ठेवायचा, की पाळण्यात पोर ठेवतोय. फक्त लांबचा फटका उसात. तिथं त्याचा उजवा हात ऐकायचा नाही.

तीन वर्षांपूर्वी मैदानाला माझ्या हाताखाली आणखी एक मास्तर हवा होता. कमिटी म्हणाली, तुमचा कोणी माणूस असला तर चालेल, पण परीक्षा द्यावी लागेल. बाहेरची दोन माणसं येणार, ती बघणार आणि ठरलेल्या फटक्यांच्या आत अठरा होल पुरी करायची. चार महिने हातात होते. मला दुसरं कोणी सुचलंच नाही. दादाला त्या खुर्चीवरून उठवायचं, पुन्हा मैदानात उभं करायचं, लोकांनी त्याला पुन्हा नमस्कार करावा असं काहीतरी करायचं, हे माझ्या डोक्यात बसलं. आयुष्यात मी त्याच्यासाठी काही केलं नव्हतं. हे एक करीन म्हटलं.

मी त्याला विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मैदानावर हजर. अंगात पांढरा झब्बा, हातात नारळ, हार आणि पेढ्यांचा पुडा. मला वाटलं, देवीला जाऊन आलाय. तर या पठ्ठ्यानं चार मेंबरांच्या देखत तो हार माझ्या गळ्यात घातला आणि दुखऱ्या गुडघ्यावर वाकून माझ्या पाया पडला. थोरला भाऊ, मला अंगाखांद्यावर खेळवलेला. मी मागं सरकलो. म्हटलं, दादा, येडा झालास काय?

तो हळूहळू उठला आणि म्हणाला, "आजपास्नं तुम्ही वस्ताद. घरातलं नातं घरात."

पण घरातही त्यानं ते ठेवलं नाही. मी गेलो की उठून उभा राहायचा. मी बसल्याशिवाय बसायचा नाही. बारक्या गेला तो गेलाच. ‘तुम्ही’, ‘व्हय वस्ताद’, ‘न्हाय वस्ताद’. वहिनी पदर तोंडाला लावून हसायची. आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. जन्मभर ज्याच्या सावलीत उभा राहिलो, तो मला अहो-जाहो करतोय, हे ऐकून मी जरा फुगलोच.

तालमीत वस्ताद केला की केला. त्याचा शब्द मोडायचा नाही. दुखलं तर सांगायचं नाही. आणि तो ‘बास’ म्हणेपर्यंत थांबायचं नाही. दादाबद्दल पेठेत एक गोष्ट अजून सांगतात. त्याच्या वस्तादांनी एकदा सकाळी त्याला जोर मारायला लावलं, तेवढ्यात कुणाच्या तरी मयतीचा सांगावा आला आणि ते उठून गेले. दिवेलागणीला परत आले तर हा अजून जोर मारतोय. खाली मातीचा चिखल झालेला. वस्तादांनी त्याला उचलून छातीशी धरलं म्हणे. ही गोष्ट मी स्वतः किती मेंबरांना मिटक्या मारत सांगितली आहे. म्हणजे मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोयच नाही.

शिकवणी सुरू झाली. उजवा हात म्हणजे पैलवानाचं सगळं भांडवल. त्यानंच समोरच्याची मान धरायची, त्यानंच खेचायचं. त्या हाताला मी म्हणत होतो, तू काही करायचं नाहीस, नुसतं मिट. काठी मागं गेली की त्याचं कोपर बाहेर जायचं आणि खाली येताना खांदा पुढं घुसायचा. मोबाईलवर हळू चालणारा व्हिडिओ काढून मी त्याला दाखवायचो. तो डोळे बारीक करून बघायचा आणि म्हणायचा, "कळतंय वस्ताद. पर हात ऐकत न्हाय."

मग मी त्याचाच तालमीतला लाल पंचा घेतला, घडी घातली आणि त्याच्या उजव्या काखेत दिला. कोपर बरगडीपासून सुटलं की पंचा खाली पडणार. पंचा पडला की फटका चुकला, साधा हिशेब. पहिल्या दिवशी एकही फटका पंच्यासकट झाला नाही. दुसऱ्या दिवशी दोन झाले. मला घाई होती, आणि माझ्या जिभेला हाड नाही. गाढवापुढं वाचली गीता म्हटलं, म्हशीला कळलं असतं म्हटलं, काय वाट्टेल ते बोललो. मेंबरांच्या समोरही बोललो. तो मान खाली घालून पंचा उचलायचा, माती झटकायचा आणि पुन्हा काखेत धरायचा. एकदा एक म्हातारे मेंबर मला बाजूला घेऊन म्हणाले, अहो, थोरला भाऊ आहे तुमचा. मी म्हटलं, इथं तो भाऊ नाही. किती शहाणा होतो बघा मी.

तीन महिन्यांत पंचा टिकायला लागला. बॉल उसात जायचा थांबला. पण आता फटक्यात जीव नव्हता, कारण तो हात मिटलेलाच ठेवून मारत होता. भीतीनं उघडतच नव्हता. पंचा पडेल, मी ओरडेन, म्हणून. मला दिसत होतं ते. मी म्हटलं, उघडायचं नंतर बघू, आधी मिटायचं पक्कं होऊ दे, रविवारी कळंब्याला जाऊ, तळ्यावर दगड मारत शिकवतो. त्या रविवारी मैदानावर मेंबरांचे सामने निघाले. पुढच्या रविवारी त्याची कारखान्यात पाळी होती. त्याच्या पुढच्या रविवारी मीच कंटाळा केला. कळंबा काय पळून जातोय, म्हटलं.

परीक्षेला पंधरा दिवस उरले असतानाची ती सकाळ. आदल्या रात्रपाळीचा थकवा असेल, पण त्या दिवशी पंचा पहिल्या पाच फटक्यांत पाच वेळा पडला. माझं डोकं फिरलं. मी बॉलची बादली लाथेनं बाजूला सारली आणि म्हटलं, "बॉल राहू दे. नुसती काठी फिरव, पंचा काखेत धरून. मी बास म्हणेपर्यंत थांबायचं न्हाय."

साडेआठ वाजले असतील. तेवढ्यात एक मेंबर गाडी घेऊन आले. पेठ वडगावजवळ त्यांचं शेत आहे, तिथं सरावासाठी जाळी बांधायची होती, जागा दाखवायला चला म्हणाले. तासाभरात परत सोडतो म्हणाले. मी गाडीत बसलो. काम दहा मिनिटांचं निघालं. पण त्यांच्या घरी मटण शिजत होतं आणि पाहुण्याला जेवल्याशिवाय सोडायची आपल्याकडं पद्धत नाही. गप्पा झाल्या. रस्सा दोनदा घेतला, तिसऱ्यांदा पांढरा घेतला. मग आंब्याच्या झाडाखाली बाज टाकली होती, तिथं जरा पडलो. दादा माझ्या डोक्यातून साफ गेला होता. एकदाही आठवला नाही.

परत आलो तेव्हा साडेचार होऊन गेले होते. उन्हानं माळ पांढरा पडला होता. बॉल गोळा करणाऱ्या मावशी फाटकातच भेटल्या आणि माझ्यावर तुटून पडल्या. म्हणाल्या, सकाळपासून माणूस थांबला न्हाय, पाणी प्या म्हटलं तर म्हणतोय वस्ताद येऊ देत. मी पळत गेलो. दादा तिथंच उभा होता. झब्बा पाठीला चिकटलेला, तोंड काळंनिळं, ओठांना पांढरी कड. काठी मागं जात होती, कोपर मिटत होतं, पुढं येत होतं. पंचा काखेत होता. पायाखालचं गवत उपटून खड्डा पडला होता.

त्या क्षणी मी काय करायला हवं होतं, हे मला आता झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. एकच शब्द. पण मी घाबरलो होतो, आणि घाबरलो की मी ओरडतो. मी ओरडलो, अक्कल गहाण टाकलीस काय, असं कोण करतं काय, मरायचंय का इथं?

तो हातातली काठी धरूनच म्हणाला, "तुम्ही बास म्हटला न्हाईसा."

मी त्याच्या हातातून काठी ओढून घेतली आणि घरी जा म्हटलं. तो गेला. बास मी तेव्हाही म्हटलं नाही. म्हणायला लाज वाटली असेल. म्हटलं असतं तर सकाळचा विसर कबूल केल्यासारखं झालं असतं.

दुसऱ्या दिवसापासून तो पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून यायला लागला. एप्रिलच्या उन्हात. मी बघितलं आणि बघून न बघितल्यासारखं केलं. वहिनीनं नंतर सांगितलं, कोपर कवठाएवढं सुजलं होतं. रोज रात्री ती हळद-मीठ गरम करून लेप लावायची. त्यानं तिला माझ्यापाशी तोंड उघडायचं नाही म्हणून शपथ घातली होती. एका हाडवैद्याकडं जाऊन हात ओढून आणला, त्यानं आणखी बिघडलं. आणि मैदानावर हा मला म्हणायचा, सगळं बेस हाय वस्ताद. पंचा मात्र आता एकदाही पडत नव्हता. मला वाटलं, माझी शिकवणी फळाला आली.

परीक्षेच्या दिवशी वहिनी मैदानावर आली होती, डब्यात दही-साखर घेऊन. ती दोरीच्या बाहेर माझ्या शेजारी उभी राहिली. दादानं सुरुवातीला वाकून माती कपाळाला लावली. बाहेरून आलेली ती दोन माणसं एकमेकांकडं बघून हसली. पहिल्या फटक्यानंतर हसायची थांबली. काय फटका होता. कोपर अस्सं बरगडीला घासून पुढं आलं, बॉल सरळ मधोमध. लांब नव्हता, पण सरळ होता. आणि जवळच्या फटक्यांत तर त्याला तोड नव्हती. पंधरा होल झाली तेव्हा हिशेबात दोन फटके शिल्लक होते. माझी छाती आभाळाला लागली. वहिनी देवाचं नाव घेत होती.

सोळावं होल पुरं झालं आणि तो काठी खाली टेकून तसाच उभा राहिला. मग मान वळवून माझ्याकडं बघितलं.

ती नजर मला ओळखता आली नाही असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. आली होती. तालमीत जोर मारणारा पैलवान वस्तादाकडं तसं बघतो. मागत नाही, मागायचं नसतंच. नुसतं बघतो. वहिनीनं माझं मनगट घट्ट धरलं. तीही काही बोलली नाही, तिला शपथ होती. मी बघितलं की अजून दोनच होल राहिलीत, दोन फटके शिल्लक आहेत, वॉचमनची खुर्ची सुटायला दोनच होल. मी मनगट सोडवून घेतलं, दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवल्या आणि म्हटलं, "चल दादा. दोनच."

त्यानं मान हलवली. सतराव्या होलवर काठी मागं नेली, कोपर मिटलं, खाली आलं, आणि तिथं काहीतरी तुटल्याचा आवाज झाला. मला तो दोरीबाहेर ऐकू आला. काठी सुटून लांब गेली. दादा ओरडला नाही. उजवा हात बरगडीला धरून उभा राहिला, आणि मग खाली बसला. बाहेरच्या दोघांपैकी एक जण धावत येऊन म्हणाला, थांबवा हे. ते म्हणणारा तो परका माणूस होता.

डॉक्टर म्हणाले, कोपरातली स्नायूची दोरी आधीच अर्धी तुटलेली होती, पंधरा दिवसांपूर्वी आणलं असतं तर विश्रांतीवर भागलं असतं. ऑपरेशन झालं. जखम भरली, पण सांधा आखडला. कोपर मिटलेलं राहिलं ते राहिलंच, उघडेना. व्यायाम झाले, शेक झाले, वर्षभर दवाखान्याच्या खेपा झाल्या. दादाचा उजवा हात आता बरगडीला लागून असतो, तळवा जरासा वर, वाढप्यानं परात धरावी तसा. मी शिकवला होता अगदी तसा. उघडायचं नंतर बघू म्हटलं होतं मी.

मैदानावर दुसरा कोणी मास्तर आला. चांगला मुलगा आहे, त्याचा काही दोष नाही, पण मला तो डोळ्यासमोर नको वाटतो. इचलकरंजीची खुर्चीही गेली. दादा आणि वहिनी कळंब्याच्या पलीकडं तिच्या माहेरच्या रानात राहायला गेले. दोन म्हशी आहेत. धार वहिनी काढते, वैरण हा डाव्या हातानं टाकतो.

मी दर रविवारी जातो. मी गेलो की तो उठून उभा राहतो. वस्ताद, बसा. वस्ताद, च्या घ्या. एकदाही त्यानं मला त्या दिवसाबद्दल एक शब्द ऐकवला नाही. मी किती वाट बघितली, की हा मला शिव्या देईल, कानाखाली काढील, डाव्या हातानं का होईना. एका दिवाळीला मला सहन झालं नाही. फराळाचं ताट बाजूला सारून मी म्हटलं, दादा, मला एकदा बारक्या म्हण की.

तो म्हणाला, "वस्तादाला असं म्हणत्यात व्हय?"

टोमणा नव्हता तो. खरंच विचारत होता. राग असता तर मी त्याला तोंड दिलं असतं. माझा दादा मी गमावला होता, आणि तो समोर बसून मला चकली वाढत होता.

गेल्या महिन्यात वहिनीचा फोन आला. म्हणाली, भावजी, तुम्हीच काहीतरी करा, माझं ऐकत नाहीत. रोज पहाटे उठून गोठ्यामागं काठी फिरवतात. डॉक्टर म्हणालेत, हे थांबलं नाही तर सांधा आहे तेवढाही राहणार नाही. मी विचारलं, कधीपासून? ती म्हणाली, हाताचं प्लास्टर निघालं तेव्हापासून. मला वाटलं, तुम्हीच सांगितलंय.

दुसऱ्या दिवशी उजाडायला मी तिथं पोचलो. गाडी रस्त्यावरच ठेवली आणि चालत गोठ्यामागं गेलो. तळ्यावरून धुकं येत होतं. दादा माझ्याकडं पाठ करून उभा होता. हातात खोऱ्याचा असतो तसला एक लांब दांडा, आणि उजव्या काखेत तो लाल पंचा, विटून विटून गुलाबी झालेला. दांडा मागं गेला. मिटलेलं कोपर जमिनीकडं बघत राहिलं. कंबर वळली, कोपर बरगडीला घासून पोटाच्या पुढं आलं, आणि तिथं थांबलं. पुन्हा मागं, पुन्हा पुढं, पुन्हा तिथंच. इतकं बरोबर मिटलेलं कोपर मी इतक्या वर्षांत माझ्या एकाही शिष्याचं बघितलेलं नाही. पंचा पडायचा प्रश्नच नव्हता, तो हात बरगडीपासून सुटू शकतच नव्हता. पायाखाली गवत नव्हतं. खड्डा पडला होता.

मी किती वेळ बघत उभा होतो कोण जाणे. मग तोंड उघडलं.

"बास, दादा. बास."

दांडा मध्येच थांबला. त्यानं तो हळू खाली टेकला. वळून माझ्याकडं बघितलं. घामानं भिजलेलं तोंड, पांढऱ्या झालेल्या मिशा. डाव्या हातानं काखेतला पंचा ओढून काढला, झटकला आणि माझ्या हातात दिला.

"लई येळ लावलासा, वस्ताद," तो म्हणाला.

तो माझ्या बाजूनं लंगडत घराकडं गेला. दाराशी जाऊन आत हाक दिली, "अगं ए, बारक्या आलाय. च्या टाक."

मी तिथंच म्हशीच्या गव्हाणीवर बसलो आणि पंचा तोंडाला लावून रडलो. म्हशी बघत होत्या. थोड्या वेळानं चहा तोच घेऊन आला, डाव्या हातात कप, उजवा हात तसाच मिटलेला. मी वर बघितलं नाही, तशी त्यानं कप माझ्या गुडघ्यावर टेकवला.

"गार हुईल," म्हणाला. "पी."